न देणाऱ्यांची भिंत

पंख्याच्या पात्यावर नाव लिहिण्यासारखं निरर्थक काम दुसरं नाही. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, आणि नाव दिसायला हवं असेल तर पंखा बंद ठेवावा लागतो. आमच्या हिरडवाडीच्या लोकांनी यातला दुसरा मार्ग पत्करला होता. मारुतीच्या देवळात माणसं ऐन उन्हाळ्यात घामाने निथळत भजनाला बसत, पण बटणाला कुणी हात लावत नसे.

त्या दिवशी मी शिडीवर चढून नव्या पंख्याच्या पात्यावर लाल ऑइलपेंटने नाव बसवत होतो. हनुमान जयंती तोंडावर आली होती. खाली आप्पासो इंगवले मान वर करून उभे होते. दूध सोसायटीचे चेअरमन, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आणि गावातल्या जवळपास प्रत्येक वस्तूचे दाते. बाकडी, पायऱ्या, शाळेची घंटा, एसटीचा थांबा, जिथे बघाल तिथे त्यांचं नाव, आणि ते सगळं माझ्याच हातचं. त्यामुळे मला त्यांच्याविषयी आदर होता. पोटापाण्याचा आदर म्हणा हवं तर.

"जोती, शेवटचं अक्षर बारीक झालं बघ," चेअरमन म्हणाले.

"पातं तिथं निमुळतं होतंय, चेअरमन."

"मग आतल्या अंगानं सुरू करायचं हुतंस. माणसाचं नाव हाय, शेपूट न्हवं."

मी अक्षर पुसायला फडकं शोधत होतो, तेवढ्यात केरबाआण्णा देवळात आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, मारुतीला हात जोडले आणि वर पंख्याकडे बघून म्हणाले, "मारुतीच्या डोक्यावर शिखर झालं, मंडप झाला, आता वाऱ्याची बी सोय झाली. आपल्या डोक्यावर शेवटाला काय हाय, चेअरमन?"

चेअरमननी नजर पुन्हा पंख्याकडे वळवली. केरबाआण्णा काय मागणार हे गावाला ठाऊक होतं.

केरबा चौगुले एसटीत कंडक्टर होते. आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते, पण बोलताना अजून अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत, जसं काही तिकीट फाडून हातात देणार. उभ्या नोकरीत त्यांनी एक विदाऊट, म्हणजे बिनतिकीट, प्रवासी सोडला नाही अशी त्यांची ख्याती होती. स्वतःच्या मेहुण्याला त्यांनी भर घाटात गाडीतून उतरवलं होतं. तो पाव्हणा भिजत चालत त्यांच्याच घरी मुक्कामाला आला आणि वैनींनी चार दिवस नवऱ्याशी अबोला धरला. "पाव्हणा घरात," केरबाआण्णा म्हणत, "गाडीत सगळी पॅसेंजरं."

अशा माणसाने आता गावाच्या मागे लकडा लावला होता तो स्मशानातल्या शेडसाठी. आमच्याकडे पाऊस पडतो म्हणजे आभाळ फाटतं. आषाढात माणूस गेलं की आम्ही नदीकाठच्या उघड्या जागेवर सरण रचायचो आणि चौघं जण चार कोपऱ्यांनी पत्रा धरून उभे राहायचे. पत्रा तापला की हात भाजायचे, हात सोडले की सरण विझायचं. केरबाआण्णांचे वडील, दौलूआबा, असेच अर्धे जळाले. डिझेल ओतून, टायर घालून कसंबसं उरकलं. बायका स्मशानात जात नाहीत, पण बातम्यांना कोण अडवतं? त्यांच्या आईच्या, सारजाबाईच्या कानावर सगळं गेलं. म्हातारी तेव्हा रडली नाही. दिवसकार्य झाल्यावर मुलाला एवढंच म्हणाली, "मला कोरडी जाळायची."

आता ती नव्वदीला टेकली होती. मागच्या दिवाळीपासून तिने अंथरूण धरलं होतं. डॉक्टरने केरबाआण्णांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा पावसाळा निघायचा नाही. म्हणून त्यांची घाई चालली होती.

"काम चांगलं हाय," चेअरमन अखेर म्हणाले. "अगदी पुण्याचं. ठराव पाठवलाय की वर."

"कवा?"

"मागच्या इलेक्शनच्या आधी."

"ते इलेक्शन हून दुसरं आलं."

"ईल की. वरनं यायचं म्हटल्यावर वेळ लागायचाच."

"पाऊस बी वरनंच येतो, चेअरमन. त्यो वेळेवर येतो." केरबाआण्णा बाकड्यावर, म्हणजे चेअरमनच्या नावावरच बसले. "ठरावाची वाट न्हाई बघायची. गावानं वर्गणी काढू. पयली तुमची घ्या."

चेअरमन जरा जवळ सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "नाव टाकणार?"

"टाकू की. सगळ्यात वर. जोती हायच."

चेअरमनचा चेहरा उतरला. "जित्या माणसाचं नाव मसणात? सकाळ-सकाळ कसलं अभद्र बोलतोस रं!"

"बरं, मग न्हाई टाकत."

हे ऐकून तर त्यांचा चेहरा आणखीनच पडला. नाव टाकलं तर अपशकुन आणि नाही टाकलं तर मग द्यायचं कशाला? हा पेच मी शिडीवरून स्पष्ट बघत होतो. चेअरमन एकटेच त्या पेचात होते असं नाही. अख्खं गाव होतं. देवळाला घंटा द्यायला माणसं भांडायची. घंटा इतक्या झाल्या होत्या की उंच माणसाला वाकून आत यावं लागे. पण शेडचा विषय निघाला की प्रत्येक जण 'झालंच पाहिजे' म्हणून माना डोलवायचा आणि तंबाखू मळत उठायचा. शिवाय कुणीतरी पिल्लू सोडून दिलं होतं की जो पहिली वर्गणी देईल त्यालाच शेड पहिली बोलावणार. मग कोण कशाला पुढे होतंय?

केरबाआण्णांनी शेवटी स्वतःच्या फंडातले पैसे काढले. वैनींनी पुन्हा अबोला धरला. चैत्र संपेपर्यंत नदीकाठी लोखंडी खांब उभे राहिले, सरण रचायला जाळी बसली आणि पश्चिमेकडून वारा येतो म्हणून त्या बाजूला छातीएवढी भिंतही झाली. मग पैसे संपले आणि छप्पर राहून गेलं. खांब आभाळाकडे बघत उभे होते आणि नदीवर जाणारे लोक त्याला 'केरबाचा मांडव' म्हणत. वऱ्हाड कधी येणार असंही एकमेकांना विचारत.

वैशाखात एके सकाळी केरबाआण्णांनी मला घरी बोलावलं. सोप्यात म्हातारी खाटेवर उशीला टेकून बसली होती. वाळून मुठीएवढी झाली होती, पण जीभ शाबूत होती.

"ये, ये. पेंटर आला," ती म्हणाली. "माझ्या ल्योकाचा मांडव रंगवायला आलास व्हय?"

"छप्पर झाल्यावर रंगवू की, आज्जी."

"छप्पर झाल्यावर मला दिसायचं न्हाई आणि त्याआधी मरायची सोय न्हाई. मला निस्तं टांगून ठेवलंय ह्यानं. रोज सकाळी विचारती, आज जाऊ का रं? तर म्हणतो थांब, पत्रं यायचं हाईत."

"आये, गप जरा," केरबाआण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "जोती, मी लई विचार केला. गाव देत न्हाई असं न्हाई. गाव नावासाठी देतंय. व्हय ना?"

"व्हय."

"आणि मसणात नाव नको म्हणून देत न्हाई. मग आपण उलटं करू. त्या भितीवर लिवायचं, 'शेडसाठी वर्गणी न दिलेल्यांची नावे'. आणि खाली एकेकाचं नाव. दिलं की नाव पुसायचं."

एसटीत असताना हा माणूस विदाऊटला पकडला की मोठ्याने त्याचं नाव-गाव विचारायचा, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं. दंडापेक्षा लोक त्यालाच जास्त भ्यायचे. त्याने आता सगळ्या हिरडवाडीची गाडी अडवायचं मनावर घेतलं होतं.

"घरटी वर्गणी ठेवायची?" मी विचारलं.

"घरटी कशी? माणशी. ह्या गाडीत घर बसत न्हाई, माणूस बसतंय. तिकीट बी माणशीच."

"आणि पोरं?"

"पोरांचं नाव काढू नको मसणात. मोठी माणसं तेवढी."

ही बातमी त्याच दिवशी पारावर पोहोचली आणि पार हसला. चेअरमन तर मला वाटेत थांबवून म्हणाले, "केरबा काय नाव लिवतोय? लिवलं तर ज्याचं लिवंल त्यो त्याचं डोस्कं फोडंल. आणि जोती, ब्रश तुझा हाय, ध्यानात ठेव. उद्या गावात काम करायचं हाय तुला."

ते खरंच होतं. मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन केरबाआण्णांना सांगून टाकलं की मथळा लिहितो, पण खाली पहिलं नाव कुणाचं घालायचं ते आधी ठरवा. ज्याचं नाव पहिलं, तो आपल्या दोघांनाही सोडायचा नाही.

एवढा अवघड प्रवासी केरबाआण्णांना घाटातही भेटला नसेल. मथळ्याखाली नाव नसेल तर ती धमकी पोकळ आणि कुणाचंही नाव घातलं तर मारामारी. स्वतःचं घालावं तर त्यांनी सगळ्यात जास्त दिलेलं.

खाटेवरून आवाज आला, "माझं घाला."

"काय?"

"माझं नाव घाला. मी कुठं दिलंय? एक पैसा दिलेला न्हाई."

"आये, तुझं मी भरलंय."

"माझं तू कशापायी भरलंस? तूच म्हणतोस न्हवं, तिकीट माणशी हाय. मला काय तिकीट दिलंस? दाव बघू."

केरबाआण्णा खरोखर चिडले. चिडताना त्यांचा आवाज चिरकायचा. "जित्या आईचं नाव मसणात लिहू? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"तेच तर पायजे," म्हातारी शांतपणे म्हणाली. "ज्यानं आईला सोडलं न्हाई त्यो आपल्याला सोडंल व्हय, असं म्हणायला पायजे लोकांनी. तुझं गावापुढं चालत न्हाई ते माझं चालतंय का बघू. आणि मला कसला अपशकुन? अजून काय व्हायचं ऱ्हायलंय माझं?"

वैनी चुलीपुढून उठून दारात आल्या होत्या. कितीतरी दिवसांनी त्या नवऱ्याशी बोलल्या. "आत्या म्हणत्यात ते बराबर हाय," एवढंच बोलून परत आत गेल्या.

केरबाआण्णा बराच वेळ अंगठा बोटावर घासत बसले. मग मान खाली घालूनच मला म्हणाले, "मथळा निळीच्या चुन्यानं लिव. काम झालं की पुसायचाच हाय. चांगला रंग कशाला नासायचा?"

"आणि माझं नाव?" म्हातारीने विचारलं.

"ते बी निळीनंच."

"न्हाई. चेअरमनचं नाव पंख्यावर ज्या रंगानं लिवलं, त्या रंगानं." ती माझ्याकडे वळली. "उरलाय का रं थोडा?"

उरला होता. डबा माझ्या सायकलला लटकलेलाच होता.

"आज्जी, त्यो रंग जाणार न्हाई बरं का. ऑइलपेंट हाय."

"न्हाई गेला तर न्हाई गेला." मग जरा थांबून म्हणाली, "माझं नाव कधी कुठं लिवलं न्हाई, पोरा. घरावर ह्यांचं. शेताला ह्यांचं. लग्नात बापानं भांडी दिली त्याच्यावर पण ह्यांचंच घातलेलं. राशनच्या कार्डावर हाय म्हणं, तर ते केरबाच्या खिशात. कसं दिसतं ते तरी बघू."

पण बघणार कशी? ती उठू शकत नव्हती आणि उठली असती तरी बाई माणसाने स्मशानात जायचं नसतं. मी परसातून पत्र्याचा एक तुकडा शोधून आणला, पुसला आणि तिच्या खाटेशी बसून त्यावर लिहिलं: 'सारजाबाई दौलू चौगुले'. चेअरमनच्या नावाला घेतली नसेल एवढी मेहनत घेतली. वेलांट्यांना पीळ दिला. खाली रेघ ओढून दोन्ही टोकांना फूल काढलं.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने तो पत्रा डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"ह्यातलं माझं कुठलं नि ह्यांचं कुठलं?"

मी दाखवलं. पहिला शब्द तुझा. तिने ओल्या रंगावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सगळं अक्षर फरपटलं. माझी मेहनत वाया गेली. तिचं बोट लालभडक झालं होतं.

"लांबलचक हाय की," ती म्हणाली आणि तोंडाचं बोळकं उघडून हसली.

त्याच दिवशी मी नदीवर जाऊन भिंत आतल्या बाजूने रंगवली. वर निळीचा मथळा, खाली लाल नाव. माझं चित्त त्या नावात होतं, मथळा मी घाईघाईत उरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर म्हशी घेऊन गेलेल्या माणसांनी ते वाचलं आणि गावात हलकल्लोळ झाला. पारावर कुणी हसेना. केरबाआण्णांना ज्या शिव्या पडल्या त्या मी इथे लिहू शकत नाही. मेहुण्याला घाटात उतरवलेली गोष्ट पुन्हा निघाली. "पोटच्या पोरानं आईचं नाव मसणात घातलं," लोक म्हणत, आणि लगेच पुढचं वाक्य घरात जाऊन बायकोला म्हणत, "ते पैसं काढ बघू. उद्या आपलं घालंल."

केरबाआण्णांच्या घरी माणसं एकेकटी यायला लागली. कुणी दूध घालायला जाताना, कुणी परड्याच्या दाराने. पैसे देताना कुणी मान वर करत नव्हतं आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, "माझं नाव कुठं नको." देवळाला घंटा देणारे हेच लोक. मी ओट्यावर बसून मजा बघत होतो. गावात दान देणारा माणूस पोचपावती मागायचा सोडून लपूनछपून येतोय, हे दृश्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

चेअरमन सगळ्यात शेवटी आले. त्यांनी पाकीट केरबाआण्णांच्या हातात कोंबलं. त्यात इतरांपेक्षा बरंच जास्त होतं, हे मला केरबाआण्णांच्या भुवयांवरून कळलं.

"आयुष्यभर नाव यावं म्हणून दिलं," चेअरमन कुरकुरले, "आज येऊ नये म्हणून देतोय. काय दिवस आणलास रं केरबा!"

आतून म्हातारीने विचारलं, "कोण हाय?"

"चेअरमन हाईत, आये."

"बसा म्हणावं. च्या ठेव गं. आता माझं एकटीचंच ऱ्हायलं म्हणायचं."

ज्येष्ठ लागायच्या आत पत्रे चढले. रोहिणीचा एक पाऊस येऊन गेला तेव्हा केरबाआण्णा एकटेच जाऊन शेडखाली उभे राहिले होते म्हणे. कोरडे परत आले आणि आईला म्हणाले, "झालं."

आता नाव पुसायचं राहिलं होतं. केरबाआण्णा चुन्याची बादली घेऊन निघाले, तर म्हातारीने अडवलं. "मी दिलंय का अजून?"

"आये, आता कशाला त्यो हट्ट? मी तुझ्या हातात पैसे देतो, तू मला दे. झालं."

"तुझंच पैसं तुला देऊ? असली बनवाबनवी गाडीत चालवून घेतलीस का कधी? दिलं न्हाई ते न्हाई. पुसायचं न्हाई."

केरबाआण्णा आज करतो, उद्या करतो म्हणत राहिले. मथळाही तसाच राहिला, नावही. आणि लोकांनी नदीवर जाताना त्या भिंतीकडे बघायचं टाळलं, कारण आपण सगळे दिलेले आणि अंथरुणावरची म्हातारी तेवढी न दिलेली, हे वाचायला कुणालाच बरं वाटत नव्हतं.

आषाढात पाऊस असा लागला की समोरचं घर दिसेना. त्या पावसात एका दुपारी सारजाबाई गेली. मी पोहोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. तिचा उजवा हात कुणीतरी छातीवर ठेवला होता. बोटाच्या नखात लाल रंग अजून होता. त्यानंतर मला त्या हाताकडे बघवेना. मी पुढे होऊन खांदा दिला.

छत्र्या घेऊन गाव झाडून आलं होतं, तिरडीवर ताडपत्री धरली होती. एरवी पावसात अंत्ययात्रेला लोक कारणं काढतात, पण त्या दिवशी सगळे आले. पैसे दिले होते, ते कुठे गेले हे बघायचं होतं. बाया उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. म्हातारी पुढे आली. आयुष्यात पहिल्यांदा ती आपलं नाव बघायला निघाली होती.

शेडमध्ये सरण रचलं. शेणी कोरड्या, लाकडं कोरडी, माणसं कोरडी. पत्र्यावर पाऊस एवढा कोसळत होता की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. केरबाआण्णांनी अग्नी दिला आणि ज्वाळा सरळ वर गेल्या. दौलूआबांच्या वेळी ज्यांचे हात भाजले होते ते सगळे हात आज मोकळे होते आणि ते कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं.

मग वारा वाढला. पश्चिमेकडून तिरपा पाऊस त्या छातीएवढ्या भिंतीवरून आत आला आणि पाणी भिंतीवरून ओघळायला लागलं. पहिल्यांदा निळा थेंब आला. मग निळी रेघ. आमच्या डोळ्यांदेखत 'शेडसाठी' गेलं, 'वर्गणी' गेलं, 'न दिलेल्यांची नावे' गेलं. निळं पाणी तिच्या नावावरून वाहत खाली गेलं आणि नाव मात्र धुऊन निघाल्यासारखं लख्ख झालं. सगळे बघत होते.

पावसाचा जोर ओसरला तेव्हा म्हातारीच्या माहेरचा एक भाचा, जो थेट अंत्यविधीलाच पोहोचला होता, भिंतीपाशी गेला. त्याने नाव वाचलं. वर पत्र्यांकडे बघितलं, खांबांकडे बघितलं, आणि भिंतीला हात लावून डोळे पुसले.

"आत्तीनं एवढं केलं गावासाठी," तो म्हणाला. "कुणाला बोलली न्हाई कधी."

मी केरबाआण्णांकडे बघितलं. त्यांनी चेअरमनकडे बघितलं. चेअरमननी घसा खाकरला. सगळ्या गावाने पैसे दिले होते आणि सगळं गाव कोरडं उभं होतं. त्या माणसाला खरं सांगायला एकही जण पुढे झाला नाही.

"व्हय," शेवटी चेअरमनच म्हणाले, "म्हातारी लई मोठ्या मनाची."

त्यानंतर ते नाव पुसायचा विषय कुणी काढला नाही. मथळा पुन्हा लिहायचाही काढला नाही. दुसऱ्या गावची माणसं मातीला आली की भिंतीवर वाचत आणि हात जोडत. आसपासच्या गावांत आमच्या सारजाबाईचं नाव झालं. कुणी म्हणे तिने दागिने विकले, कुणी म्हणे शेत विकलं. जिच्या अंगावर डोरल्याशिवाय सोनं कधी कुणी पाहिलं नव्हतं, तिच्या पाटल्यांचं वजन लोक छातीठोक सांगू लागले.

वर्षश्राद्धाला मी केरबाआण्णांकडे जेवायला गेलो होतो. पंगत उठल्यावर चेअरमन पान खाऊन माझ्याशेजारी बसले. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाले, "जोती, त्या भितीवर म्हातारीच्या नावाखाली जागा हाय न्हवं?"

"हाय की. भरपूर."

"मग माझं बी टाक. आता तसा अपशकुन काय ऱ्हायला न्हाई त्यात. लोक मानानं बघत्यात. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मी दिलंय. केरबाला विचार."

केरबाआण्णा हात धुऊन पंच्याला पुसत येत होते. त्यांनी ऐकलं होतं.

"दिलंय की," ते म्हणाले. "म्हणून तर तुमचं नाव घालता येत न्हाई. ती भित न देणाऱ्यांची हाय, चेअरमन. मथळा गेला म्हणून नियम जात न्हाई. एक करू, तुमचं पाकीट परत घेऊन जावा. मग जोती लगेच लिवंल."

मला वाटलं चेअरमन चिडतील. पण शपथेवर सांगतो, त्यांनी खरोखरच थोडा वेळ विचार केला. मग टोपी झटकली आणि उठून गेले.

संध्याकाळी केरबाआण्णा मला नदीवर घेऊन गेले. येताना घरातून ब्रश आणि रंगाचा डबा आणायला सांगितलं होतं. भिंतीपाशी ते उभे राहिले. त्यांचा अंगठा बोटावर फिरत होता.

"उभ्या नोकरीत एक विदाऊट सोडला न्हाई मी, जोती," ते म्हणाले. "एकच सुटली."

पंच्याने त्यांनी तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि मग पुन्हा कंडक्टरच्या आवाजात मला म्हणाले, "रंग जरा फिका पडलाय. दुसरा हात मार."